शनिवारचं कुलूप

पेणच्या पोह्याच्या गिरणीत मी आईसाठी पाच किलो पोहे घेत होते आणि नेहमीच्या सवयीने गुणगुणत होते. तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाच्या हातून पिशवी सुटली. पांढरेशुभ्र पोहे फरशीभर झाले. तो मात्र त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघत राहिला.

“हे गाणं...” तो म्हणाला, “तुम्हाला कुणी शिकवलं?”

“आईनं. का?”

“आई कुठली?”

“कासूच्या पुढची, खाडीकडची. मिठागरात कामाला होती. पण तुमचं काय अडलंय?”

“ते आमचं गाणं हाय.”

मला संताप आला. जे गाणं ऐकत मी लहानाची मोठी झाले, ते हा चष्मेवाला भर गिरणीत आपलं म्हणतो?

“नाव लिवलंय काय तुमचं त्याच्यावर?”

तो हसला आणि खाली बसून पोहे भरू लागला. मीही बसले. काय करणार, हसताना त्याच्या उजव्या गालाला खळी पडत होती. खोटं कशाला बोलू...

निसीम रोहेकर त्याचं नाव. रोह्याशेजारच्या अष्टमी गावात घर, नोकरी धाटावच्या कारखान्यात. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, आमच्याकडची जुनी माणसं ज्यांना शनिवार तेली म्हणतात ते. शनिवारी यांचे घाणे बंद असायचे म्हणून तसं नाव पडलं. त्यांच्याकडे काही मंगल असलं की मलिदा करतात. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वर फळं, आणि एलियाहू नबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने गाणी. हे त्यातलंच.

पांढऱ्या घोड्याचा पाहुणा आला,
पोह्यांत नारळ खवून घाला.

“तो पाहुणा म्हणजे नबी,” निसीम म्हणाला.

मी थक्क झाले. सव्वीस वर्षं मी समजत होते की घोड्यावरचा पाहुणा म्हणजे माझा नवरदेव.

हे मी त्याला सांगितलं मात्र, तो एवढा लाजला की भरलेले पोहे पुन्हा सांडले. मग त्याने हळूच विचारलं, “दुसरं कडवं येतं? माझ्या आजीला पहिलंच आठवायचं. मी किती वर्षं शोधतोय.”

“आईला येतं. पण ती म्हणत नाय. कुणी घरातून लांब जायला निघालं तरच म्हणायचं असतं ते. मिठागरातल्या रेचलबाईंनी, तुमच्यातल्याच असणार त्या, शिकवताना तशी अटच घातली होती तिला.”

तिथून आमचं सुरू झालं. म्हणजे, वेबसाइटचं.

त्याचं म्हणणं साधं होतं. आपली गाणी करणारी माणसं विखुरलीत. कोणी ठाण्यात, कोणी इस्रायलमध्ये दिमोनाला, लोदला. सगळ्यांना एका जागी आणायचं. मी धाटावच्याच एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते आणि फावल्या वेळात लोकांना साइट बनवून देते. मी म्हटलं, मी करते. फुकट करते, हेही पुढच्याच दमात म्हणून बसले.

साइटचं नाव ठेवलं ‘मलिदा’. नियम दोनच, आणि दोन्ही निसीमचे. पहिला, नुसतं ऐकायला कुणी यायचं नाही. प्रत्येकाने काहीतरी आणायचं. गाणं, चाल, नाहीतर नुसता ताटावरचा ठेका.

“आणि ज्याला कायच येत नाय तो?” मी विचारलं.

“करंल काहीतरी. तू नाय साइट केलीस?”

हल्ली तो मला ‘तू’ म्हणायला लागला होता. कधीपासून ते मला तारखेसकट माहीत होतं.

दुसरा नियम कुलपाचा. शुक्रवारी संध्याकाळी सहाला साइटला कुलूप, ते शनिवारी रात्र पडेपर्यंत, म्हणजे त्यांच्या विश्रांतीच्या शब्बाथभर. तेवढा वेळ ऐकता येईल. पण काही टाकता येणार नाही, बदलता येणार नाही, काढता येणार नाही.

“चावी कुणाकडे?”

“कुणाकडंच नको. तुझ्याकडंपण नको. चावी असली की माणूस उघडतोच.”

मी इमानदारीत तसंच केलं. चार दिवस डोकं लावून असं कुलूप बनवलं की मलासुद्धा उघडता येऊ नये. त्याने चहा पाजला आणि म्हणाला, “हुशार हायेस.” मी आठवडाभर हवेत होते.

वर्षभरात दोनशे माणसं जमली. लोदचा एक पोरगा आमच्या मराठी चालींत हिब्रू शब्द बसवायचा. दिमोनाच्या फ्लोरामावशी स्वयंपाकघरातून गायच्या, मागे कुकरची शिट्टी. निसीमची आईही दिमोनालाच असायची, मोठ्या लेकीकडे. ती मात्र साइटवर कधी आली नाही. “मला गाता येत नाय,” एवढंच म्हणायची. आणि प्रत्येक फोनवर निसीमला विचारायची, तू कधी येतोस कायमचा?

दसऱ्यानंतर एका बुधवारी तो म्हणाला, “तिकीट आलं. येत्या सोमवारचं.”

माझ्या हातातला वडापाव तसाच राहिला. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, “साइटचा पासवर्ड लिहून ठेव हां, विसरशील.”

“बस? एवढंच?” त्याने विचारलं. मी मान डोलावली.

शुक्रवारी घरी गेले. आईने माझं तोंड बघितलं आणि काय झालं ते काढून घेतलं. मग पदराला हात पुसत म्हणाली, “जातोय ना तो? मग आता म्हणते मी दुसरं कडवं. लाव तुझं यंत्र.”

मी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं. आई भिंतीला टेकून गायला लागली...

पाहुणा निघाला खाडीच्या पार,
उघडं ठेवा गो घराचं दार.

सहाला चार मिनिटं कमी होती. शनिवारी सकाळी कुणी ना कुणी ऐकून त्याला सांगेलच, म्हणून घाईघाईने फाइल चढवली. सहाला कुलूप पडलं. हुश्श केलं आणि सहज बघितलं, तर दोन मिनिटांच्या गाण्याची फाइल पाच मिनिटांची दिसत होती.

मी रेकॉर्डिंग वेळेवर थांबवलंच नव्हतं.

कानाला लावलं. गाणं संपलं. मग आईचा आवाज, “रडतेस कशाला गो?” मग माझा, नाक ओढत. “मला तो हवाय, आई. सोमवारी जाईल. त्याला नाय कळणार कधी. मी काय पासवर्डबद्दल बोलत बसले...” पुढे खळीबद्दलही होतं. बरंच होतं.

काढायला गेले, माझंच कुलूप. साइटच मुळापासून पुसून टाकायची, एवढा एकच मार्ग उरला होता. बोट तिथपर्यंत गेलंही. पण त्यात फ्लोरामावशी होत्या, लोदचा पोरगा होता, दोनशे माणसांची गाणी होती. बोट मागे घेतलं. दिमोनाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, त्यामुळे तिकडे शब्बाथ लागायला अजून वेळ होता. ऐकलेल्यांचा आकडा माझ्या डोळ्यांसमोर चढत गेला... बारा, एकोणतीस, एकसष्ट.

फक्त निसीम त्यात नव्हता. तो शब्बाथला मोबाइलला हात लावत नाही.

शनिवारी सकाळी मी रोह्याला गेले. दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं. सिनेगॉगच्या, त्यांच्या प्रार्थनामंदिराच्या बाहेर पायऱ्यांशी उभी राहिले. तो पांढऱ्या सदऱ्यात बाहेर आला आणि मला बघून जागीच थबकला.

“तू? आज?”

“मी काल एक चूक केली,” मी म्हटलं. “आईने दुसरं कडवं म्हटलं. ते मी टाकलं.”

“ही चूक कशी?” त्याचा चेहरा उजळला होता. “म्हण ना. मोबाइल चालत नाय, पण तुझा आवाज चालतो.”

मी म्हटलं. रस्त्यातच, हळू आवाजात. ‘उघडं ठेवा गो घराचं दार’पाशी येऊन थांबले. त्याचे डोळे भरले होते.

“झालं?”

“नाय... पुढं अजून तीन मिनिटं हायेत.”

“गाण्याची?”

“माझी.” मग डोळे मिटून सगळं बोलून टाकलं. खळीसकट. डोळे उघडले तेव्हा त्याने चष्मा काढून हातात धरला होता आणि तोंड उघडंच होतं.

“आणि हे कुणी कुणी ऐकलंय?”

“आता शंभरेक जणांनी.”

तो पायरीवरच बसला. सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसत राहिला. मला वाटलं, संपलं. मग खालमानेने म्हणाला, “बुधवारी मी तुला दोनदा विचारलं होतं, बस एवढंच? म्हणून.”

“एकदाच विचारलंस.”

“दुसऱ्यांदा मनात विचारलं.” तो उठला. “रात्री उत्तर देतो. कुलूप उघडलं की.”

तो दिवस कसा गेला ते माझं मला ठाऊक. रात्र पडली, साइट उघडली आणि तासाभराने निसीमचं रेकॉर्डिंग आलं. दोन्ही कडवी, पेटीवर. गाणं संपलं, पेटी मिटल्याचा आवाज झाला... आणि रेकॉर्डिंग चालूच राहिलं. त्याने मुद्दाम चालू ठेवलं होतं.

“सोमवारचं तिकीट रद्द नाय केलं,” तो सावकाश बोलत होता. “आईला भेटायला हवं, समोर बसून सांगायला हवं. फक्त आता परतीचं काढलंय, एकवीस दिवसांनंतरचं. प्रतीक्षा, दार उघडं ठेवशील ना?”

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. “दाराची कडीच काढून टाकते आत्ता,” म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली.

पण त्याची आई? तिने ऐकलं असेल का? कायमचं ये म्हणणारी बाई, आणि मी मिठागरातल्या सरूची लेक, त्यांच्यातली नव्हे. मला नीट झोप लागली नाही.

रविवारी सकाळी निसीमचा फोन आला. “साइट बघ.”

नवी सभासद. रिबका रोहेकर, दिमोना. नियमाप्रमाणे तिने गाणं आणलं होतं. बेसूर, थरथरता आवाज, ओळखीची चाल...

पाहुणा बसला पाटावरती,
सून वाढते ताटावरती.

“हे तिसरं कडवं मी कधीच ऐकलं नाय,” निसीम म्हणाला. “आजीलापण येत नव्हतं. तुझ्या आईला?”

मी आईकडे बघितलं. तिने मान हलवली. रेचलबाईंनी दोनच शिकवली होती.

मग आम्हा तिघांनाही एकदमच उमगलं. ते कुणाचंच नव्हतं. रिबकाबाईंनी ते शनिवारी रात्री स्वतः रचलं होतं.

रेकॉर्डिंग अजून चालू होतं. खोकल्याचा आवाज आला, खुर्ची सरकली, मग कुणाला तरी विचारलेलं ऐकू आलं, “बंद झालं काय गो हे?” आणि ते बंद झालंय असं समजून त्या म्हणाल्या, “निसीमला सांग, येताना तिच्याकडनं पेणचे पोहे घेऊन ये. इथल्या पोह्यांचा मलिदा चांगला होत नाय.”