तळघरातले लाल दाणे

"या स्लाइडला रंगच लागलेला नाही!"

दार न वाजवता हॉस्पिटलच्या लॅबमध्ये घुसलेल्या त्या माणसाकडे मी बघतच राहिले. रुग्णांच्या शरीरातून तपासणीसाठी आलेल्या तुकड्यांचे पातळ काप काढायचे, काचेवर घ्यायचे आणि रंगवायचे, हे मी सहा वर्षं करतेय. सगळे मला रंगारीण म्हणतात. घरी मी मिठाच्या डब्यालासुद्धा लेबल लावते, म्हणून बाबांनी माझ्यापुढे हात टेकलेत. आणि कालच रुजू झालेला हा डॉक्टर मलाच शिकवायला निघाला होता!

"रंगवायचीच आहे ती, डॉक्टर," मी म्हटलं. "वाळत ठेवलेली उचलून नेलीत तुम्ही."

त्याचे कान लाल झाले. भांडण तिथेच मिटलं… माझी झोप मात्र त्या दिवसापासून उडाली.

त्याच्या खोलीत दोघांनी एकाच वेळी बघायचा मायक्रोस्कोप होता. समोरासमोर बसायचं, डोळे खाली, आणि दोघांना दिसतं एकच. गुडघ्याला गुडघा लागला की मी म्हणायचे, "सॉरी." तो म्हणायचा, "टेबलच अरुंद आहे हो…" टेबल काही इतकं अरुंद नव्हतं.

"ही पोट फुगलेली दिसते ना, ती गॉब्लेट पेशी," एकदा आतड्याचा काप लावून तो म्हणाला. "शेंबडासारखा बुळबुळीत थर तयार करते."

"शी!"

"शी काय! आतड्यात जंतूंची जत्रा असते. ते या थरात रुतून बसतात, भिंतीपर्यंत पोचतच नाहीत."

"आणि खाली, आतड्याच्या भिंतीतल्या या खड्ड्याच्या तळाशी हे लाल दाणे?" वर्षानुवर्षं मी ते रंगवत होते, पण ते करतात काय, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

"त्या पॅनेथ पेशी. त्या दाण्यांमध्ये जंतू मारायचा माल भरलेला असतो. जंतू आले की दाणे बाहेर रिकामे करतात."

"म्हणजे एक अंगणात चिखल करून ठेवते आणि दुसरी तळघरातून दगड मारते. आमची आई आणि आत्या!"

तो इतका हसला की टेबल हललं. मीही हसले. आणि हसता हसता एकदम लक्षात आलं, मला हा माणूस आवडतो. चांगलाच आवडतो! मी अशी दचकले की पेन खाली पडलं.

महिनाभराने एका दुपारी त्याने मला बोलावलं. आवाज वेगळाच होता.

"हे बघा. लाल दाणे कुठेच नाहीत. रंग कमी पडलाय का?"

मी पाहिलं. गॉब्लेट पेशी जागेवर होत्या. तळाशी मात्र सगळं फिकट, रिकामं. चार खड्डे, दहा खड्डे… एकही दाणा नाही.

"रंग बरोबर आहे," मी जरा तोऱ्यातच म्हटलं. "याच खेपेला निरोगी आतड्याचा कापही रंगवलाय. त्यात दाणे लालभडक आलेत."

तो चष्मा काढून पुसत बसला.

"म्हणजे खरंच नाहीत. मोठा आजार असू शकतो."

"कुणाचं आहे हो हे?"

"माझं."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. दोन महिने त्याचं पोट बिघडलेलं होतं, वजन उतरत होतं, आणि मला वाटत होतं, जेवण आवडत नसेल बिचाऱ्याला! त्याने तोंडातून दुर्बिणीची नळी घालून तपासून घेतलं होतं आणि तुकडा नावाऐवजी नुसत्या नंबराने माझ्याकडे पाठवला होता.

"या आठवड्यात तुम्हाला एक विचारणार होतो," तो म्हणाला. "आता… राहू दे. पुढे काय वाढून ठेवलंय कुणास ठाऊक."

"काय विचारणार होतात?"

त्याने स्लाइड काढून खोक्यात ठेवली.

मी माझ्या खोलीत परतले. निदान आणखी काप तरी काढू, म्हणून त्या नंबराचा तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा हातात घेतला. आतला तुकडा पिवळा होता! काप काढताना गडबडीत ते माझ्या नजरेतून सुटलं होतं.

आतड्याचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचा असतो. दुसरं एक पिवळं द्रावण आमच्याकडे असतं, त्यात आम्ल असतं, आणि ते नेमके हेच दाणे विरघळवून टाकतं. मग दाणे दिसणार कसे? आता दुर्बिणीच्या तपासणीच्या खोलीतल्या सिस्टरला चांगली फैलावर घेणार होते मी. तरातरा गेले, त्याचा तुकडा ज्यात ठेवला होता ती रिकामी, आरपार न दिसणारी पांढरी बाटली मागितली. लेबल होतं 'फॉर्मॅलिन'.

अक्षर माझं.

चोराच्या उलट्या बोंबा! बाटल्या मीच भरल्या होत्या, गेल्या सोमवारी. तो माझ्या टेबलाला टेकून संत्रं सोलत होता, एक फोड माझ्यापुढे धरत होता… आणि मी कुठल्या कॅनमधून ओततेय, ते बघितलंच नव्हतं. सहा बाटल्या. पाच तिथे तशाच शिल्लक होत्या. मी त्या उचलल्या आणि धावत सुटले.

"तुमचे दाणे मी खाल्ले!" दारातूनच ओरडले.

तो आ वासून बघत राहिला. मग मी सगळं सांगितलं. संत्र्याचं सोडून सगळं.

"तुमची चूक?" तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "तुमची?"

बिचाऱ्याला ती नळी पुन्हा गिळावी लागली. या वेळी बाटली मी तीनदा वास घेऊन भरली आणि स्वतः पोचवली. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली लाल दाणे गच्च होते. मला रडूच फुटलं. पोटात साधा जंतुसंसर्ग निघाला, आठवडाभराच्या गोळ्यांचा.

उरली होती चुकांच्या रजिस्टरातली नोंद. काय चुकलं, ते लिहून झालं. 'कारण' या रकान्यापाशी हात अडला. शेवटी मन घट्ट करून लिहिलं, 'बाटल्या भरताना लक्ष समोर उभ्या असलेल्या व्यक्तीकडे होतं.' डॉक्टरांच्या सहीसाठी वही त्याच्यापुढे सरकवली आणि खिडकीबाहेर बघू लागले.

पेन बराच वेळ चालत होतं. सहीला इतका वेळ?

मी वळून वाचलं. माझ्या ओळीखाली त्याने लिहिलं होतं, 'त्या व्यक्तीचं लक्षही महिनाभर ठिकाणावर नाही. उपाय : लग्न. संबंधित कर्मचाऱ्याची संमती हवी.'

"अहो!" मी त्या ओळीवर हात ठेवला. "हे… हे विभागाच्या मोठ्या मॅडम वाचतात!"

"मग लवकर सही करा," तो म्हणाला. "पाच वाजता वही न्यायला येतात."

मी सही केली.