अकरा सेकंद

त्या दिवशी बोटीत तोंड म्हणून उघडायचं नाही, असं तोवेरानं ठरवलं होतं. आणि तिच्यासारख्या बोलक्या मुलीनं ते चक्क पाऊण तास पाळलंही!

कारण होता तिचा आवाज. सरोवराकाठच्या गावागावांत तो ओळखीचा होता, चेहरा मात्र कुणालाच ठाऊक नव्हता. दर बुधवारी सकाळी दहाला न्खाटा बेच्या बंदरावरच्या छोट्या रेडिओ केंद्रातून ती शाळांसाठी ‘असं का?’ हा विज्ञानाचा कार्यक्रम करायची. शिक्षणानं विजेची इंजिनिअर, म्हणून केंद्राचा ट्रान्समीटर बिघडला की तोही तीच दुरुस्त करायची. बाजारात नुसतं ‘टोमॅटो कसे दिले?’ विचारलं तरी कुणीतरी ओरडायचं, “अगं, ही तर रेडिओवाली!” मग कुणाची बॅटरी का फुगली आणि कुणाचा दिवा का लुकलुकतो, हे सांगता सांगता टोमॅटो राहूनच जायचे.

म्हणून डोक्यावरून तोंडापर्यंत रुमाल ओढून ती गप्प बसली होती. पायाशी दुरुस्त केलेल्या रेडिओंची पेटी, अंगावर पाण्याचे बारीक तुषार. दूर सरोवराच्या मध्यावर चिलटांचे थवे धुरासारखे उंच चढत होते… डोळे आपोआप मिटावेत अशी सकाळ होती.

“कामोंगाला का?” शेजारून आवाज आला.

तिनं एक डोळा उघडला. खडूंचे खोके काखेत धरलेला एक उंच तरुण. पायांतले बूट भिजू नयेत म्हणून त्यानं ते मांडीवर घेतले होते, एखादं बाळ घ्यावं तसे. तिनं मान हलवली.

“मी तिथला मास्तर. खुंबो म्पांडे. पेटीत रेडिओ ना? आमच्या शाळेचेच असणार.”

पुन्हा मान.

“रेडिओ चांगले आहेत हो. पण त्यातली ती बाई—”

तोवेराची मान जागच्या जागी थांबली.

“हुशार आहे! नाही म्हणत नाही मी. आवाजही कसा… ऐकत राहावा असा. पण घाई? बाप रे! ‘मुलांनो, खिळा बुडतो, मग लोखंडाची बोट का बुडत नाही? सांगा बघू!’ आणि एक, दोन, तीन, चार… ‘शाबास!’ अहो, शाबास कुणाला? आमची मुलं अजून बाकावरून उठतच असतात!”

“चार सेकंद भरपूर होतात! मी स्वतः घड्याळ लावून—”

गेलं! आख्खी बोट वळून बघायला लागली. नावाडी किंग्सलीनं तर इंजिनावरचा हात काढून डोक्याला लावला. खुंबोच्या मांडीवरचा एक बूट घरंगळून पाण्यात पडता पडता वाचला. तो तिच्याकडे बघत राहिला… एक, दोन, तीन, चार.

“शाबास!” तोवेरा म्हणाली.

बोट हसून हसून डुलायला लागली. सगळ्यांत मोठ्यानं हसला तो खुंबोच, आणि हसताना त्याचे डोळे पार मिटायचे. हे तिनं लक्षात ठेवायचं काही कारण नव्हतं. तरी राहिलं.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. कार्यक्रम आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवला असल्यामुळे तोवेरा कामोंगाच्या शाळेत शेवटच्या बाकावर बसून, तीन वर्षांत पहिल्यांदाच, स्वतःला ऐकत होती.

रेडिओतल्या तोवेरानं प्रश्न विचारला. बाकं सरकली. तियामिके नावाची एक मुलगी उभी राहिली, रेडिओसमोर गुडघे वाकवून तिनं रीतसर नमस्कार केला आणि म्हणाली, “मॅडम, उत्तर असं आहे की—”

“शाबास!” रेडिओ म्हणाला. “आता पुढचा प्रश्न!”

तियामिके मुकाट्यानं खाली बसायला लागली. तिला याची सवय होती. तोवेराला ते शेवटच्या बाकावरून नीट दिसलं. चार सेकंद तिनं मोजले होते ते बंदरावरच्या शाळेत, जिथली मुलं बसल्या बसल्या ओरडून उत्तर देतात. इथं उठायचं, नमस्कार करायचा, मग बोलायचं. मोठ्या माणसाशी बसून बोलतात होय!

खुंबोनं रेडिओचा आवाज कमी केला. “बोल, तियामिके. मॅडम ऐकतायत.”

मुलीनं उत्तर पुरं केलं. मग सगळ्या वर्गानं तिला ‘फुलं’ दिली. तळवे एकमेकांवर घासले, तीन टाळ्या वाजवल्या आणि ओंजळी तिच्या दिशेनं उघडल्या. बरोबर उत्तराला फुलं, ही इथली पद्धत. चुकलेल्याला फुलं नाहीत, मग तो मुख्याध्यापकांचा मुलगा का असेना. पुढच्या प्रश्नाला तोवेरानं मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. उठण्यापासून फुलांपर्यंत… अकरा सेकंद.

“तीन वर्षं मी भिंतीशी बोलत होते,” बाहेर आंब्याखाली ती म्हणाली. डोळे भरून आले होते आणि ते लपवावेत असंही तिला वाटलं नाही.

“भिंतीशी कशाला? आमच्याशीच. फक्त उत्तराला थांबत नव्हतात.” मग जरा घुटमळून, “मी तर दर वेळी उत्तर देतो. मनातल्या मनात.”

“हो! ओठ हलताना पाहिले मी. मास्तर असून?”

“मास्तरला काय फुलं नकोत?”

तोवेरा हसली आणि रिकामी पेटी उचलायला गेली. पण परतीच्या बोटीत तिचे तळवे उगाचच एकमेकांवर घासले जात होते…

पुढच्या बुधवारपासून ‘असं का?’मध्ये प्रत्येक प्रश्नामागे अकरा सेकंदांची शांतता आली. बंदरावर हलकल्लोळ! केंद्रप्रमुख न्यासुलू साहेब धावत आले, “अगं पोरी, आपण बंद पडलो की काय?” बाजारात सुकी मासळी विकणारी न्याचिर्वा मावशी तर कंबरेवर हात ठेवून उभीच. “रेडिओ मेला म्हणून मी दोनदा बॅटरी काढून उन्हात ठेवली, माहितेय?”

“मावशी, मुलं उत्तर देतायत तेव्हा.”

“कुठं? मला तर काही ऐकू येत नाही!”

“मलाही नाही. पण देतायत.”

कामोंगा डोंगराच्या पोटात, तिथं मोबाइल नुसता दिवा म्हणून उपयोगी. त्यामुळे किंग्सलीच्या बोटीतून चिठ्ठ्या यायला लागल्या. मुलांचे दहा प्रश्न आणि तळाशी बारीक अक्षरात एक मास्तरांचा. ‘पाण्यावरून आवाज लांबवर का जातो?’ ‘चिलटं चंद्र बघून उठतात म्हणतात, खरं का?’ आणि एकदा, ‘बुधवारी नऊ वाजल्यापासूनच छातीत धडधडतं. बॅटरी बदलावी का?’ त्यावर तोवेरानं चिठ्ठीतूनच उत्तर पाठवलं, ‘बॅटरी ठीक आहे. जोडणी कुठं झालीय ते तपासा.’ चिठ्ठी वाटेत उघडून वाचल्याचं किंग्सलीनं शपथेवर नाकारलं, पण त्या आठवड्यात तो तिच्याकडे बघून फार खाकरत होता.

महिन्यातून एकदा ती रेडिओ तपासायला जायची. रेडिओ बिघडत नव्हते तरी जायची. काम झालं की दोघं खडकावर बसायची, पाय पाण्यात. खुंबोनं आणलेली मंदासी, म्हणजे गरम तळलेले गोड पाव, मधे चहाची किटली… सरोवर इतकं शांत, की पलीकडच्या होडीतल्या कोळ्याचं गुणगुणणं जवळ ऐकू यायचं. ती त्याला रेडिओच्या लहरी कशा जातात ते सांगायची. तो ऐकताना लहरींकडे बघत नसे, तिच्याकडे बघत असे. त्याची करंगळी तिच्या करंगळीला लागायची आणि दोघांपैकी कुणीच हात हलवायचं नाही. तिला वाटायचं, हे असंच चालू राहावं आणि संध्याकाळची बोट आज येऊच नये.

तशात राजधानीहून पत्र आलं. लिलोंग्वेच्या मोठ्या केंद्राला ‘असं का?’ साऱ्या देशासाठी हवा होता. साऱ्या देशासाठी! तोवेरानं उलट लिहिलं, ‘येते, पण माझे अकरा सेकंद घेऊन.’ त्यांनी कुरकुर करत कबूल केलं. हे स्वप्न ती इंजिनिअरिंगला असल्यापासून बघत होती. पत्र घेऊन ती तडक कामोंगाला गेली.

खुंबोनं ते दोनदा वाचलं. “जा,” तो म्हणाला.

“एवढंच?”

“आणखी काय?”

आणखी काय ते त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही. पण इकडे लग्नाचं बोलणं कुणी आपल्या तोंडानं काढत नाही. मुलाचा मामा मुलीच्या मामाच्या दारी जातो, ‘आमचा कोंबडा हरवलाय, तुमच्या अंगणात तर नाही ना आला?’ असं विचारतो, मग पुढचं. आणि खुंबो मामाला धाडायला तयार नव्हता.

“आत्ता विचारणं म्हणजे निघालेल्या बोटीला दगड बांधणं,” तो पाण्याकडे बघत म्हणाला. “तू थांबलीस तर मला आयुष्यभर वाईट वाटेल. आणि नाही थांबलीस तर…”

“मी थांबणार आहे असं कोण म्हणालं?”

त्यानं पत्राची घडी करून तिच्या हातात दिली. तो भला माणूस होता आणि भलेपणाचा तिला इतका राग कधीच आला नव्हता. परतीच्या बोटीत तिनं रुमाल पार डोळ्यांवर ओढला. किंग्सली त्या दिवशी खाकरला नाही.

मग आला बंदरावरचा शेवटचा बुधवार. कार्यक्रम थेट. तोवेरानं प्रश्न विचारले, थांबली, शाबास म्हणाली. शेवटच्या प्रश्नाचा कागद समोर होता. तिनं तो उलटा ठेवला.

“मुलांनो, आता एक प्रश्न तुमच्यासाठी नाही. कामोंगाच्या मास्तरांसाठी आहे.” काचेपलीकडे न्यासुलू साहेबांचा चहाचा कप हवेतच थांबला. “मास्तर… मी शुक्रवारी लिलोंग्वेला जातेय. बोटीला दगड बांधू नका. पण बोटीला बंदर तर लागतं ना? तुमचे मामा माझ्या मामांच्या दारी येतील का? सांगा बघू.”

आणि ती थांबली.

एक, दोन… आता बाकं सरकली असतील. तीन, चार… आता तो उठला असेल. की उठलाच नाही? पाच, सहा… छातीतली धडधड माइकमध्ये जाईल असं तिला वाटलं. आठ, नऊ… सरोवरावर शांतता, डोंगरावर शांतता. दहा. अकरा.

शाबास म्हणायची तिची हिंमत झाली नाही. उत्तरच माहीत नव्हतं ना! कार्यक्रम पहिल्यांदाच शाबासकीशिवाय संपला.

संध्याकाळपर्यंत प्रश्न सगळ्या बंदराला पाठ झाला होता आणि उत्तर कुणालाच ठाऊक नव्हतं. “काय म्हणाला गं?” मासळीबाजारातून न्याचिर्वा मावशी ओरडली. “सकाळी बॅटरी काढली नाही गं मी, श्वास धरून बसले होते!”

घरी लॅमेक मामा, तिला वाढवणारा, पेशानं शिंपी, धुमसत होता. “मुलीनं विचारायचं? तेही सगळ्या जगासमोर? माझी अब्रू पार धुऊन वाळत घातलीस!” मग त्यानं खुंटीवरचा काळा कोट काढला आणि इस्त्रीत निखारे भरले.

“कुणी येणार आहे का मामा?”

“मला काय माहीत? कोट चुरगळला होता.”

गुरुवारी म्वेरा सुटला. दक्षिणेकडून येणारा तो वारा एकदा भडकला की सरोवरावर एकही बोट निघत नाही. तोवेरा दिवसभर धक्क्यावर उभी राहून पांढऱ्या लाटा बघत होती. शुक्रवारी सकाळी वारा पडला, पण बस नऊची होती. साडेआठ झाले. पावणेनऊ. मामानं तिची पेटी टपावर चढवली आणि पोस्टाच्या दिशेनं बघत नाक शिंकरलं. अंगावर इस्त्रीचा कोट होता.

“बोट!” न्याचिर्वा मावशी मासळी टाकून ओरडली. “अगं, बोट आली!”

तोवेरा धक्क्याकडे पळाली. किंग्सलीची बोट बंदरात शिरत होती, माणसांनी भरलेली. काठाला लागायच्या आधीच किंग्सलीनं इंजिन बंद केलं. सगळीकडे शांत झालं. बोटीत पंचवीसेक मुलं एकदम उभी राहिली, पुढे तियामिके. त्यांनी तळवे एकमेकांवर घासले. मग पाण्यावरून लख्ख ऐकू आल्या तीन टाळ्या, आणि सगळ्या ओंजळी मागे बसलेल्या मास्तरांच्या दिशेनं उघडल्या.

फुलं! चुकलेल्या उत्तराला कुणी फुलं देत नाही. तोवेरा हसत होती आणि रडतही होती, दोन्ही एकदमच.

खुंबो उठला, बूट हातात. शेजारी बगलेत कोंबडा दाबून बसलेले एक म्हातारे मामा वाऱ्याला शिव्या घालत होते. ते उतरले ते तोवेराकडे ढुंकूनही न बघता थेट लॅमेक मामाकडे गेले, आणि दोघं मामा हरवलेल्या कोंबड्याबद्दल फार गंभीरपणे बोलायला लागले. त्यात मुलामुलीचं काही काम नव्हतं.

बसवाल्यानं भोंगा वाजवला.

“बदली मागितलीय,” खुंबो धापा टाकत म्हणाला. “वर्ष जाईल कदाचित.”

“जाऊ दे. बुधवार आहेत ना. अकरा सेकंद तुझे.”

“तू ऐकणार कशी?”

“तीन वर्षं तरी कुठं ऐकू येत होतं? तू बोल.”

तो तिच्याकडे बघत राहिला, कान लाल, पाय ओले. “उत्तर द्यायला उशीर झाला गं,” तो म्हणाला. “आमच्याकडे आधी उठून उभं राहावं लागतं.”

तोवेरानं त्याच्या हातातले बूट काढून घेऊन खाली ठेवले आणि त्याची ओंजळ स्वतःच्या तळव्यांत धरली. बसनं पुन्हा भोंगा वाजवला. बुधवारपासून ओठांवर अडकलेला शब्द तिनं आता कुठे, अगदी हळू, त्याच्या कानाशी म्हटला.

“शाबास.”