तिसरी उमेदवार

सलीमभाईंच्या दुकानातली वीज गेली, आणि झेरॉक्सच्या यंत्रात रुद्राणीचं बी.एड.चं प्रमाणपत्र अडकून बसलं… अर्धं आत, अर्धं बाहेर.

"ओढू नका हां, फाटंल!" मागून कुणीतरी म्हणालं.

तिनं वळून पाहिलं. पोटाशी प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा धरलेला एक उंच, सावळा मुलगा. श्रावणसरीनं शर्ट खांद्यावर भिजलेला, आणि चेहऱ्यावर असं मिश्कील हसू, की जणू लातूरची वीज यानंच घालवली होती.

"ओढत न्हाई मी," ती फणकाऱ्यानं म्हणाली. "नोकरी हाय त्या कागदावर."

"कुठं लागली?"

"लागली असती तर झेरॉक्स कशाला काढत बसले असते?"

सलीमभाई हसत म्हणाले, "बसा आता दोघं. लोडशेडिंग हाय, दोन घंटे काय वीज येत न्हाई."

दोघं बसले. त्याचं नाव वैजनाथ. नांदेडच्या एका शिक्षणसंस्थेत तो क्लार्क होता, तोही तात्पुरता. लातूरच्या कोचिंग क्लासांचा तेव्हा एवढा डंका, की त्याच्या अध्यक्षांना आपल्या कॉलेजातही लातूरच्याच चाचण्या हव्या होत्या. त्या आणायला ते याला दर शनिवारी एसटीनं पिटाळत. आणि रुद्राणी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होऊन एका क्लासात पोरांचे पेपर तपासायची. शिकवायला मात्र तिला कुणी फळ्यापाशी जाऊ देत नव्हतं, कारण पालकांना जाहिरातीत फोटो छापलेले 'सर' लागत. बिलोलीपासून किनवटपर्यंत जिथं म्हणून जागा निघाली, तिथं तिनं अर्ज धाडला होता. नोकरी नाही ती नाहीच, साधं मुलाखतीचं बोलावणंही कधी आलं नाही. नकार आला असता तरी तिला बरं वाटलं असतं.

पुढच्या शनिवारी ती पुन्हा दुकानात आली, आणि त्याच्याही पुढच्या. झेरॉक्स काढायला, असं ती स्वतःला सांगायची.

"तुम्ही कायम दाराशीच का बसता हो?" एकदा त्यानं विचारलं. "मी काय एवढा भयानक हाय?"

"भूकंपात घर पडलं आमचं. आई गेली. तेव्हापासून मी आत बसतच न्हाई कुठं." मग ती ओठ दाबून म्हणाली, "भयानक हायतच तुम्ही. पन ते येगळं."

तो उठला, आपलं स्टूल ओढत आणून दाराशी ठेवलं आणि पावसाचे शिंतोडे अंगावर घेत तिच्याशेजारी बसून राहिला. रुद्राणीला त्या क्षणी हा माणूस आवडला. अगदी मनापासून, काहीच हातचं न राखता आवडला.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

दसरा जवळ आला तेव्हा उदगीरहून स्थळ आलं. आडत दुकान, एकुलता मुलगा. रुद्राणीचे वडील ईश्वरप्पा तसे सरळ माणूस. ते तिला म्हणाले, "बाई, तुला शिकवलं, मला त्याचं वाईट वाटत न्हाई. पन किती वाट बघायची? एक बोलावणं दाखव मला… नोकरी न्हाई म्हणत, नुसतं बोलावणं. मी वर्षभर उदगीरचं नाव काढणार न्हाई. शब्द हाय माझा."

तिनं हे वैजनाथला सांगितलं. त्यानं मांडीवरचा गठ्ठा खाली ठेवला.

"एक बोलावणं… एवढंच ना?"

"एवढंच म्हणं! जसं काय झाडाला लागलंय."

पंधरवड्यात पत्र आलं. मुलाखतीचं! वैजनाथच्याच संस्थेचं! ईश्वरप्पांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि शेजारपाजारी पेढे वाटले. रुद्राणीनं धावत जाऊन नांदेडला फोन लावला.

"खरं सांग, वशिला लावलास का?"

"आईशप्पथ न्हाई. माझं कोण ऐकतंय हितं?"

त्या रात्री ती प्रकाशाचं परावर्तन आरशाला शिकवत बसली.

मुलाखतीच्या दिवशी ती आईची मोरपंखी साडी नेसून नांदेडला उतरली. संस्थेच्या फाटकात तो उभाच होता.

"लई छान दिसायलीस…" तो हळूच म्हणाला. "घाबरू नको. बेस्ट लक."

व्हरांड्यात बाकावर आणखी दोघं होते. एक निळ्या ड्रेसमधली मुलगी मोबाइलवर खेळत होती. दुसरे शिवलिंग सर, चाळिशीचे, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली. रुद्राणी तोंडातल्या तोंडात व्याख्या म्हणत होती. शिवलिंग सरांना तिची दया आली असावी.

"ताई, पहिल्यांदाच आलाव का?"

"हाव."

"मग पाठ करू नका काई. जागा त्या पोरीची हाय, अध्यक्षांची भाची. पन कागदावर तीन उमेदवार दाखवावं लागतात. एक ती, एक मी, एक तुम्ही. मी दर वर्षी येतो. भाडं देतात, च्या देतात."

"पन… मला पत्र आलंय. अर्ज बघून."

"अर्ज क्लार्क निवडतो ना. तो काय, वैजनाथ. त्याला सांगितलेलं असतं, मागून भांडायला येणार न्हाईत असे दोघं काढ."

रुद्राणीला हसू आलं. मग तिला वैजनाथचं ते 'एवढंच ना?' आठवलं.

आत तिला एकच प्रश्न विचारला. "भूकंपातल्या का तुम्ही? अरेरे. बरं, या आता."

बाहेर टेबलापाशी वैजनाथ हजेरीचा कागद घेऊन उभा होता. दोन सह्या झालेल्या. तिसरी झाली नाही तर मुलाखत रद्द, आणि 'ही पोरगी कुणी बोलावली' म्हणून पहिला याचाच गळा धरला जाणार. तिला ते कळत होतं. त्यालाही. त्यानं पेन पुढं केला.

"रुद्राणी…"

तिनं पेन घेतला. पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, ठसठशीत. आणि भाड्याचं पाकीट तिथंच ठेवून चालायला लागली.

तो स्टँडपर्यंत मागं धावत आला. "ऐक तरी! अप्पा थांबले असते ना वर्षभर… तेवढ्यात मी पर्मनंट झालो असतो, तुला मागणी घातली असती. माझं प्रेम हाय तुझ्यावर. दुसरं काय होतं माझ्या हातात?"

हेच शब्द ऐकायला ती सगळा पावसाळा दाराशी बसली होती. आणि आता ते ऐकताना तिला नुसतं थकल्यासारखं झालं.

"माझंबी हाय," ती म्हणाली. "हायच. पन तुला सगळं ठाऊक होतं, वैजनाथ. मी आईची साडी नेसून आले, आन तू फाटकात उभा राहून मला बेस्ट लक म्हणलास. कसं म्हणवलं रे तुला?"

लातूरची गाडी लागली, ती चढली. खिडकीखाली तो उभा राहिला. तिनं काच उघडली नाही.

घरी ईश्वरप्पा उंबऱ्यात बसून होते. तिनं काही लपवलं नाही. जागा आधीच दिलेली होती, आपल्याला नुसतं मोजायला बोलावलं होतं, आणि बोलावणारा कोण, तेही सांगितलं. "अप्पा, ते बोलावणं खोटं होतं. तुम्ही उदगीरला कळवा, मी न्हाई म्हणणार न्हाई."

ते पायाच्या अंगठ्यानं जमीन टोकरू लागले.

"पत्र तर आलं होतं ना? त्यावर तुझंच नाव होतं ना?" ते म्हणाले. "मग शब्द म्हणजे शब्द. वर्षभर कुणाला काई कळवायचं न्हाई. जा, जेवून घे."

तेव्हा मात्र रुद्राणीला रडू फुटलं. वैजनाथनं तिच्यासाठी मिळवलेलं वर्ष तिला मिळालं होतं, आणि ते आता तिला त्याच्याशिवाय काढायचं होतं.