रिकाम्या खुर्चीचं मिनिट

पिंगळीच्या रस्त्यावर एक बियाणं तपासणी केंद्र आहे. तिथं माणसं दिवसभर कोंब मोजतात. ओल्या वाळूच्या ट्रेमध्ये शंभर दाणे पेरायचे, आठ दिवसांनी उगवलेले मोजायचे, आकडा लिहायचा. मेलेल्या दाण्यांचा रकाना वेगळा. असलं काम करणाऱ्यांना वर्षातून एकदा तरी येड्यासारखं वागू द्यावं, या उदात्त हेतूनं महारुद्र साहेबांनी शब्दओळख स्पर्धा सुरू केली होती. खरिपाचे नमुने संपले की जुलैतल्या एका शनिवारी, डबे खाऊन झाल्यावर.

खेळ सोपा. एकानं चिठ्ठी उचलायची, वरचा शब्द न उच्चारता तो सांगायचा, समोर बसलेल्या जोडीदारानं ओळखायचा. मिनिटभर. दुसऱ्या फेरीत सांगणारा ओळखणार आणि ओळखणारा सांगणार. गुण मोजणाऱ्यानं भिंतीकडं तोंड करून बसायचं. हातवारे करण्यावरून बबलूनं एका साली इतकी भांडणं लावली होती, की तेव्हापासून कानावर पडेल तेवढंच धरायचं, असा नियम झाला.

सलग तीन वर्षं अमृत आणि शिवकन्या हीच जोडी जिंकली होती. ती नुसतं म्हणायची, "तुझ्या मामाच्या दारात. तू पडला व्हतास त्यात." हा म्हणायचा, "रांजण." बाकीचे हात जोडायचे.

या वर्षी शिवकन्या नव्हती. जानेवारीत पालमहून येताना जीप उलटली आणि ती गेली. पण सूचनेत ती होती. केंद्रात कुठलीही सूचना मागच्या वर्षीच्याच कागदावर तारीख बदलून निघते. 'जोडी क्रमांक दोन : अमृत, शिवकन्या.' कागद चार दिवस फळ्यावर होता. सगळ्यांनी वाचला. खोडायला कुणाचा हात धजला नाही.

शनिवारी जोडी क्रमांक दोनचा पुकारा झाला आणि सगळे अमृतकडं बघायला लागले.

"नाव हाय म्हणल्यावर डाव हाय," बबलू बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

साहेबांनी चष्मा पुसला. "मांडा खुर्ची. दोन फेऱ्या, दोन मिनिटं. तिच्या नावानं गप बसू."

श्रद्धांजलीची श्रद्धांजली, नियमाचा नियम. निळी प्लास्टिकची खुर्ची अमृतसमोर मांडली गेली. भिंतीकडं तोंड करून चतुराबाई बसली होती, हातात पेन्सिल. ती मार्चमध्ये कामाला लागलेली. आधी शेळ्या राखायची. तिनं मोजलेला ट्रे दुसऱ्यांदा कुणी मोजत नसे. शिवकन्येला तिनं कधी पाहिलं नव्हतं.

पहिल्या फेरीत खुर्चीनं सांगायचं होतं. बबलूनं खुर्चीवर चिठ्ठी पालथी ठेवली आणि घंटा दाबली. पंखा फिरत होता. अमृत खुर्चीच्या पाठीकडं बघत राहिला.

"चाळणी," तो म्हणाला.

का म्हणाला, त्याला माहीत नव्हतं. बबलूनं चिठ्ठी उलटली. चाळणी.

सगळे हसले. "कोंब मोजून मोजून दिव्यदृष्टी आली की ह्येला!"

दुसरी चिठ्ठी. "मोरपीस."

मोरपीसच होतं. बबलूनं कागद उजेडात धरून आरपार दिसतंय का पाहिलं.

तिसरी. "गुळवणी."

बबलूनं चिठ्ठी उलटली, वाचली आणि कुणाला न दाखवता खिशात घातली.

घंटा झाली. आता अमृतनं सांगायचं आणि खुर्चीनं ओळखायचं.

अमृतला फक्त एक गोष्ट सांगायची होती, आणि ती कुठल्याच चिठ्ठीवर नव्हती. डिसेंबरात शिवकन्येनं मोबाइलवर विचारलं होतं, 'पालमचं स्थळ आलंय. होकार देऊ का?' अमृतनं 'नको देऊस' असं अकरा वेळा लिहिलं, अकरा वेळा पुसलं. रात्री जेवण करून, हात धुऊन, त्यानं एक अंगठा पाठवला. उभा, पिवळा. तिनंही अंगठा पाठवला. मग साखरपुडा ठरला, लुगडी बघायला पालमला जाणं झालं, जीप झाली.

त्यानं पहिली चिठ्ठी उचलली.

"आपल्या दोन टेबलांच्या मधी काय होतं? तू उघडायचीस, मी लावायचो."

खुर्ची गप्प. मागं चतुराबाईची पेन्सिल कागदावर खर्र करून ओढली गेली.

"गंगाखेडच्या बाजारात तू घेतलीस, न् घरी जाईपर्यंत फुटली."

खर्र.

त्याच्या लक्षात आलं, आपण थांबत नाहीये. उत्तर मिळाल्यासारखी चिठ्ठी बाजूला टाकतोय आणि पुढची उचलतोय. तिसरी. चौथी. पाचवी. दर वेळी मागं पेन्सिल. समोर काहीच नाही. नुसती निळी खुर्ची.

सहावी चिठ्ठी त्यानं उघडलीच नाही.

"शिवकन्या," तो म्हणाला, "त्यो अंगठा खोटा व्हता. नको देऊस होकार."

घंटा झाली.

अमृत मान खाली घालून बसला. पंखा फिरत राहिला. बऱ्याच वेळानं साहेब खाकरले आणि चतुराबाईकडून कागद घेतला. पहिली फेरी, तीन. दुसरी फेरी, चार उभ्या रेघा आणि त्यांच्यावर एक आडवी.

"मावशी, ह्ये पाच कशाचे?" बबलू म्हणाला. "दुसऱ्या फेरीत ह्याच्याशिवाय कुणी बोललंच न्हाई."

"ती बाई बोलली की. बरोबर बोलली, मी रेघ वढली." चतुराबाई भिंतीकडून वळली. खुर्चीकडं बघितलं, मग दाराकडं. "कुटं गेली?"

बबलू खुर्चीपासून दोन पावलं मागं सरला.

"शेवटचं मी धरलं न्हाई," ती अमृतला म्हणाली. "घंटा झाल्यावर बोलली ती."

"काय म्हणली?" अमृतनं विचारलं.

"'आता सांगायलास व्हय?' म्हणली."

अमृतनं खुर्चीकडं बघितलं.

"मंग थांबली की ती," चतुराबाई म्हणाली. "लय येळ. तुमी कायतरी बोलताल म्हणून."

तिनं पेन्सिल कानामागं खोचली.

"तुमी मान वर केलीच न्हाई."