दाराच्या खाचेतला खडा

"मशीन परत बंद पडलंय," दादा फोनवर म्हणाला. "आणि पाच मिनिटांत आई तिथे हजर. आतले कपडे बाहेर ओढताना मी स्वतः बघितलं. तू ये. त्या वृद्धाश्रमाला संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय."

धाकटीने हातातली काचनळी स्टँडला लावली आणि पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. बाबा गेल्यापासून ती सगळंच असं नीटनेटकं करत होती. रडू मात्र आलं नव्हतं. दाढ काढण्याआधी हिरडी बधिर करतात, तसं आत काहीतरी झालं होतं.

"या, शंकासूर," दादाने दारातच स्वागत केलं आणि लगेच खटला मांडला.

वॉशिंग मशीनचं दार लागतं, खट्ट वाजतंही; पण कुलपाचा दिवा लागत नाही. आणि कुलूप बसल्याशिवाय मशीन पाण्याचा थेंब घेत नाही. मेकॅनिक दोनदा येऊन गेला. त्याच्यासमोर मशीन शहाण्या मुलासारखं चाललं. दुसऱ्या खेपेला त्याने अंदाजानेच नवं कुलूप बसवलं. तरी आठवड्याभरात पहिले पाढे पंचावन्न. इकडे आई दिवसभर खुर्चीत. बोलणं नाही, ताट जसंच्या तसं परत. खुर्चीतून उठते ती फक्त मशीन बिघडलं की.

"म्हणजे आई मुद्दाम बिघडवते?"

"मुद्दाम म्हणत नाही मी. तिचं तिला कळत नसेल. आज मशीन, उद्या गॅस. आम्ही दोघं कामावर असताना तिच्याकडे कोण बघणार?"

"मशीन बिघडतं त्या दिवशी ती आणखी काय करते?"

"काय करणार? कपडे हाताने धुते. दमते, मग मुकाट्याने जेवते."

"जेवते?"

"तू कुलूप बघायला आलीस की जेवण?"

मागच्या मोरीतून पाण्याचा आवाज येत होता.

तिने प्लग काढला आणि मशीनसमोर मांडी ठोकली. वहिनी ओलं फडकं घेऊन धावत आली. आधी पुसून देते म्हणाली, फार घाण झालंय.

"नको गं, वहिनी. मला घाणच बघायचीय."

दाराचा आकडा शाबूत होता. बिजागरी झुकलेली नव्हती. कुलूप सोडवून तिने त्याला दादाच्या पेटीतलं विजेचं मीटर लावलं, कुलूप ठणठणीत. मग साव चोर दिसतोय कशाने? तिने टॉर्च धरला. आकडा जिथे शिरतो त्या खाचेच्या तळाशी पांढुरकं काहीतरी चिकटलं होतं, वाटाण्याएवढं. दार वरवर लागत होतं, पण आकडा पुरता आत जात नव्हता, म्हणून कुलपाची खिट्टी बसत नव्हती.

"साबण," दादा म्हणाला. "आईशिवाय कोण?"

धाकटीने तो खडा बशीत काढला. वरून वाळलेला, फोडला तर आत मऊ. औषधांच्या डब्यातल्या आयोडीनचा एक थेंब तिने त्यावर सोडला. खडा निळाकाळा झाला.

"साबण असा रंगत नाही. पीठ रंगतं. ही कणीक आहे, दादा. आतून ओली, म्हणजे आज सकाळची. आज सकाळी कणीक कोणी मळली?"

दादाने बायकोकडे पाहिलं. वहिनी बशीकडे बघत होती.

"आणि तू फोनवर काय म्हणालास, आठव," धाकटी म्हणाली. तिचा आवाज अहवाल वाचावा तसा सपाट होता. "मशीन बंद पडलं आणि मग आई आली. आधी नाही. कारण आणि परिणाम आपण उलटे जोडले. आईमुळे मशीन बिघडत नाही. मशीन बिघडतं म्हणून आई उठते. मेकॅनिक यायच्या आधी फडकं फिरायचं, म्हणून त्याला काही सापडलं नाही. आज मी अचानक उगवले."

वहिनीने हातातलं फडकं मशीनवर ठेवलं.

"पहिल्यांदा खरंच बिघडलं होतं," वहिनी म्हणाली. "त्या दिवशी आई आपण होऊन उठल्या. मला म्हणाल्या, सरक, तुला कॉलर घासता येत नाही. बाबा गेल्यापासून त्यांचं ते पहिलं वाक्य. मग मशीन आपसूक चालू झालं आणि त्या पुन्हा खुर्चीत. मी काय करायचं होतं?"

"मला सांगायचं," दादा म्हणाला.

"तुम्ही नवीन मशीन आणलं असतं. आणि आश्रमाचं तुम्ही मला तरी कुठे सांगितलंत? आज तुम्ही फोनवर बोलताना कानावर पडलं."



धाकटीने खाच पुसली, कुलूप जागेवर बसवलं, प्लग लावला आणि रिकामं मशीन चालू केलं. कुलपाचा लाल दिवा लागला.

तेवढ्यात मोरीचं दार वाजलं. आई आली. बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या, बोटं लाल. तिने टोपलीतल्या उरलेल्या कपड्यांकडे पाहिलं.

"झालं का चालू?"

दादा सरकून दिव्यासमोर उभा राहिला. पाठीमागे हात नेऊन त्याने चाचपडत बटण बंद केलं.

"नाही गं. पार्ट मिळत नाही म्हणतात. बरेच दिवस लागतील."

"मग तिघं मिळून त्याचं तोंड काय बघताय? ती टोपली आण इकडे."

दादाने टोपली उचलली. आई वळली, मोरीच्या दारात थांबली आणि धाकटीला म्हणाली, "तू जेवून जा. आपण बरोबरच बसू."

धाकटीने मान हलवली आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच तिचे डोळे भरून आले.