चौथ्या मजल्याची हवा

कांदिवली पूर्वेला, नाल्याच्या कडेने गाड्यांसाठी उड्डाणपूल बांधायचं घाटत होतं. त्याआधी तिथली हवा तपासायचं काम आमच्याकडे आलं. एक यंत्र मी नाल्याकाठच्या जुन्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर परबांच्या गॅलरीत लावलं. पूल झाला की त्यांच्या ग्रिलपासून हातभर अंतरावर येणार होता.

परबांच्या घरात नवरा-बायको दोघंच. दशरथकाका तरुणपणी गिरणीत होते. छाती तेव्हापासून अधू. शेवंतीकाकूंनी चहा दिला आणि हे मशीन खरं सांगेल ना, असं विचारलं. मी हो म्हटलं.

यंत्र हवा ओढतं आणि आतल्या पांढऱ्या गोल कागदावर धूळ धरतं. दुसऱ्या दिवशी काढलेला कागद काळाकुट्ट होता. प्रयोगशाळेने सांगितलं, डिझेलची काजळी आणि टायरचं रबर. खालच्या गल्लीत तर रिक्षासुद्धा क्वचितच शिरते. तळमजल्यावर लावलेल्या यंत्रातला कागद जेमतेम करडा होता, गच्चीवरच्या यंत्रातलाही तसाच. आणि वारा येत होता नॅशनल पार्ककडून, झाडांवरून.

माझ्याबरोबर काम करणारा सुबोध म्हणाला, मशीन गेलंय, बदल. बदललं. पुन्हा काळा कागद.

त्या दुपारी मी गॅलरीत उभी होते. वारा पडला होता, समोरच्या पिंपळाचं पान हलत नव्हतं. दोरीवरची काकूंची साडी मात्र एकाच बाजूला ओढली जायची, परत यायची, पुन्हा ओढली जायची. हायवेच्या कडेला उभं राहिलं की आपली ओढणी जशी ओढली जाते, तशी. काकू साडी आत घेऊन गेल्या.

“हे आकडे गाळ,” सुबोध म्हणाला. “रस्ताच नाही तिथे. हसतील आपल्याला.”

“काका रात्रंदिवस खोकतायत, सुबोध. ते कसं गाळू?”

मी आकडे होते तसे दिले. इथली हवा आधीच सोसण्यापलीकडे गेली आहे, असं ठरलं आणि पूल रद्द झाला. मला इतका आनंद झाला की फोन न करता पेढे घेऊन मी स्वतःच परबांकडे गेले.

दार काकूंनी उघडलं. भर दुपारी घरात दिवा लावलेला. गॅलरीच्या दारावर गोधडी ठोकलेली, कडेने ओले टॉवेल खोचलेले. काका पलंगावर उशीला टेकून बसले होते, नाकाला ऑक्सिजनची नळी. पूल होणार नाही, असं मी सांगितलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. काकूंनी पेढ्यांचा पुडा देवासमोर ठेवला आणि माझ्याशी हळू आवाजात बोलल्या.

“आज सगळा अडकून पडलाहा, बाय. गोधडी काढू नको. ती लोका आत बघतत.”

मी गोधडीची एक कड ओढून काढली आणि गॅलरीत गेले.

बाहेर काहीच नव्हतं. नाला, पिंपळ, पलीकडच्या इमारतीचा पांढरा रंग. घशात धूर खवखवला.

मी ग्रिलमधून हात बाहेर काढला.

तळहाताला ऊन लागत होतं, पण ही धग उन्हाची नव्हती. चालू इंजिनाच्या पत्र्याजवळ हात धरावा तशी ती थरथरत होती.

मग धग हळूच पुढे सरकली. थोडी जागा थंड गेली. तिच्यामागून दुसरी धग आली, आणि माझ्या हातासमोर थांबली.

“हात आत घे,” काका मागून म्हणाले. “ते गाडीची काच खाली करतील.”

मला हात आत घेता येईना. पिंपळावरून एक घार सुटली आणि पंख पसरून सरळ आमच्या गॅलरीकडे येऊ लागली. ग्रिलपासून थोड्या अंतरावर ती एकदम वर उचलली गेली, जणू मध्ये उभ्या असलेल्या बसच्या टपावरून तरंगत आली, आणि माझ्या डोक्यावरच्या छज्ज्यावर बसली.

खाली, माझ्या हातासमोरच्या रिकाम्या हवेकडे बघत ती एकेक पाऊल मागे सरकत होती.