तीन पॉइंट सातची जागा

पटो वा न पटो, यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत हे घडलंय. भर दुपारी, विद्यापीठासमोरच्या तिच्या टायपिंगच्या दुकानात.

मावशी लोकांचे प्रबंध टाइप करून देते. तिचा एक नियम आहे. समीकरणापुढचा क्रमाचा आकडा हाताने टाकायचा नाही, तो कॉम्प्युटरनेच द्यायचा. मधलं एखादं काढलं, की पुढचे आकडे आपसूक मागे सरकतात.

त्या दिवशी सरकले नाहीत.

तिसऱ्या प्रकरणात तीन पॉइंट सहा... आणि थेट तीन पॉइंट आठ.

प्रबंधाचा मालक समोरच घड्याळ बघत बसला होता. पाचला जमा करायची शेवटची मुदत. चुकली तर सहा वर्षं पाण्यात.

मावशीने लपलेला मजकूर शोधला. काही नव्हतं. सगळे आकडे पुसून कॉम्प्युटरकडून नव्याने घेतले.

सहा... आठ.

"हाताने टाका ना सात! कोण बघतंय?"

"मी बघतेय ना! इथलं एखादं समीकरण उडवलंस का?"

तो पुन्हा घड्याळाकडे बघायला लागला.

"तोंडात गुळणी धरलीस का रे?"

"एक होतं... माझ्यासोबत काम करायची, तिचं. ते उडवलं. उत्तर तेवढं माझ्या नावावर ठेवलं."

"तिला विचारून?"

"ती गेली, मावशी. मार्चमध्ये."

डोक्यावर पंखा फिरत होता. पण त्याचा आवाज... येत नव्हता.

"घाल परत," मावशी हळूच म्हणाली. "तिच्या नावानिशी."

त्याने समीकरण लिहिलं. खाली तिचं नाव. शेजारी आकडा आपोआप उमटला.

तीन पॉइंट सात.

पंख्याची घरघर पुन्हा सुरू झाली. मावशीने सुस्कारा सोडला. साडेचार वाजले होते. शेवटची नजर टाकावी म्हणून ती पुढच्या प्रकरणावर गेली. मघाशी ते बिनचूक होतं.

चार पॉइंट एक. चार पॉइंट दोन.

चार पॉइंट सहा...

पाचव्या प्रकरणात पहिलाच आकडा होता नऊ.

"आणखी काय काय उडवलंस रे तिचं?"

तो उठला. तसाच बाहेर पडला.

पाच वाजले. तो आला नाही. आजतागायत आलेला नाही.

ती फाइल अजून मावशीच्या कॉम्प्युटरवर आहे. "पुसून का टाकत नाहीस?" मी एकदा विचारलं.

"त्याचं असतं तर केव्हाच पुसलं असतं गं," ती म्हणाली. "तिचं कसं पुसू?"

त्या दुकानात मी आता बसत नाही. उभ्या उभ्या बोलते आणि निघते.